सांध्यावरची माणसं

मुंबईच्या नकाशावर वर्सोवा, मेट्रोच्या फलकावरही वर्सोवा. पण यारी रोड मागे टाकून कोळीवाड्यात शिरलं की गावाचं नाव वेसावे होतं आणि माणसं वेसावकर. मालाडची खाडी इथेच समुद्राला मिळते. पलीकडे मढ दिसतं, मधून प्रवाशांची बोट ये-जा करते आणि अलीकडच्या काठाला मासेमारीच्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. अंधेरीपर्यंत घड्याळावर चालणारी मुंबई इथे येऊन भरती-ओहोटीवर चालू लागते. पाणी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा चढतं आणि त्याच्याबरोबर गावाची झोप, जेवण आणि बाजारही पुढे सरकतो.

या किनाऱ्याचं जुनं जाळं म्हणजे डोल. भल्यामोठ्या पिशवीसारखं, तोंडाशी रुंद, शेवटाकडे निमुळतं होत गेलेलं. डोल घेऊन बोट मासळीमागे धावत नाही. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना दोरांनी बांधून डोल पाण्याच्या ओढीसमोर उभी करायची आणि मासळी आणून द्यायचं काम समुद्रावर सोपवायचं. ओढ जेवढी जोराची तेवढी मासळी जास्त, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस मोलाचे. पण भरती सरून ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ थबकतं, आणि त्या थबकलेल्या वेळात जाळं वर यावं लागतं. पाणी उलटलं की जाळंही उलटं फिरतं, हाती आलेली मासळी निसटते, दोर एकमेकांत गुंततात. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या एक, खलाशी पाच-सहा, पायाखाली डोलणारी ओली फळी, आणि मोजून मिळालेला वेळ. एकत्र काम करणं म्हणजे काय, याचा एवढा उघडा धडा मला या शहरात दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आपण ‘टीम’ हा शब्द रोज वापरतो. कचेरीत टीम असते, सोसायटीच्या कमिटीत असते, शाळेच्या स्नेहसंमेलनाला असते. या विषयावर बहुतेक लिखाण मात्र पुढाऱ्यासाठी असतं: माणसं कशी हाताळावीत, त्यांच्याकडून काम कसं करून घ्यावं. सहांतल्या चौथ्या माणसाने काय करायचं हे कोणी सांगत नाही. खरं तर आपल्यापैकी बहुतेक जण आयुष्यातला बहुतेक काळ ते चौथे माणूसच असतात. हा लेख त्या चौथ्या माणसासाठी आहे.

लाकडी बोट बांधणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाणी आत येतं ते फळीतून क्वचित. येतं ते दोन फळ्यांच्या सांध्यातून. म्हणून सांध्यांत कापूस ठासून, तेल-राळ भरून ते बंद करतात, आणि बोट किनाऱ्यावर ओढली की आधी सांधे तपासतात. माणसांच्या गटाचंही तसंच असतं असं मला वाटतं. एकेक माणूस चोख असतो, आणि तरी काम गळतं. ते गळतं एकाचा हात सुटतो आणि दुसऱ्याचा लागतो त्या जागी.

ही गळती पहिल्यांदा मोजली ती मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच शेतकी अभियंत्याने. १८८२ ते १८८७ या काळात त्याचे प्रयोग चालले आणि ते छापून आले १९१३ साली. माणूस, बैल, घोडा आणि यंत्र यांच्याकडून शेतात किती काम निघतं, हा त्याचा मूळ प्रश्न होता. त्यासाठी त्याने विद्यार्थ्यांना एकेकटं आणि गटाने दोर ओढायला लावलं आणि दोराच्या टोकाला बसवलेल्या ताणमापकावर जोर मोजला. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण दर माणशी जोर घटत गेला. त्याच्या तक्त्यात आठ जणांच्या गटातला एकेक माणूस एकट्याने लावला असता त्याच्या निम्म्याहून किंचित कमीच जोर लावताना दिसतो. आठ माणसं मिळून जेमतेम चौघांचं काम!

हे वाचल्यावर आळसाचा संशय पहिला येतो. रिंगेलमानने मात्र मुख्य दोष मेळाला दिला होता. आठ जण नेमक्या एकाच क्षणी ओढत नाहीत. एकाचा जोर लागतो तेव्हा दुसरा श्वास घेत असतो, तिसरा पाय सावरत असतो. जोर असतो, पण तो एकमेकांत मिसळत नाही.

यावरचा उपाय आपल्या लोकांनी कोणत्याही मापकाशिवाय शोधला होता, आणि तो उपाय म्हणजे गाणं. वल्हवताना, दोर खेचताना, बोट वाळूवर चढवताना एकाने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी ठेक्यावर जोर द्यायचा. शेतात कापणीला भलरी, विहिरीवर मोटेची गाणी, पहाटे जात्यावर दोघींची ओवी. या सगळ्यांत गाण्याचा ताल आणि कामाचा ताल एकच असतो. कोळीगीताला जो ठेका आहे, ज्याच्यावर आज लग्नाच्या वरातीत सगळा महाराष्ट्र नाचतो, तो अंगात भिनला तो अशा कामातून. ‘वेसावकर आणि मंडळी’ या गाणाऱ्या चमूने तो ठेका घरोघरी पोचवला. पण त्याचं मूळ काम आठ जणांचा जोर एका क्षणावर आणणं हे होतं. गाणारा माणूस तिथे करमणूक करत नसे, तो सांधे भरत असे.

मेळ साधला म्हणजे सगळं साधलं, असं मात्र नाही. १९७४ साली अमेरिकेत अॅलन इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रिंगेलमानचा प्रयोग वेगळ्या तऱ्हेने केला. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं. मागे आणखी माणसं आहेत आणि तीही ओढताहेत, असा त्याचा समज करून दिला. प्रत्यक्षात मागची माणसं नुसती उभी होती. म्हणजे मेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही, मागे दोघं ओढताहेत एवढ्या समजुतीनेच त्याचा जोर सुमारे १५ टक्क्यांनी उतरला. १९७९ साली बिब लाताने, किप्लिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी दोराऐवजी ओरडण्याचा आणि टाळ्यांचा प्रयोग केला. आपण सहा जणांत ओरडतोय असं वाटणारा माणूस एकट्याच्या मानाने सुमारे तीन चतुर्थांश आवाज काढत होता. त्याला आपण कमी ओरडतोय याची जाणीवही नसे.

ती बेइमानी नव्हती, आणि म्हणूनच ती गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. बेइमान माणूस ओळखता येतो. हे मात्र तुमच्या-माझ्यासारख्या सरळ माणसाच्या हातून, त्याच्या नकळत घडतं. दोर हातात असतो, कपाळावर घाम असतो, आणि जोर तीन चतुर्थांश असतो.

लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनीच १९८१ साली याचा उताराही दाखवला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितल्याबरोबर ती घट नाहीशी झाली. वेसाव्याच्या बोटीवर हे आपोआप घडतं. सहा जणांत कोणाचा दोर सैल आहे हे शेजाऱ्याच्या तळव्याला लगेच कळतं. त्यात भर म्हणजे जुनी वाट्याची पद्धत: डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडायचे, बोटीचा आणि जाळ्याचा वाटा मालकाचा, तांडेलाचा जरा मोठा, खलाशांचे आपापले. मासळी कमी तर सगळ्यांना कमी. आता पुष्कळ बोटींवर दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून आलेले खलाशी हंगामाच्या ठरलेल्या पगारावर काम करतात. त्यांना महिन्याची शाश्वती मिळाली ही चांगली गोष्ट झाली. पण वाट्यामुळे जो डोळा एकमेकांच्या हातावर राहायचा, तो आता तांडेलाला वेगळ्या मार्गाने जागा ठेवावा लागतो.

चौथ्या माणसाने यातून काय घ्यायचं? आपला दोर दिसेल असा धरायचा. ‘मी बघतो’, ‘आपण करू’, ‘होऊन जाईल’ या वाक्यांत दोर कोणाच्याच हातात नसतो. ‘रविवारी संध्याकाळपर्यंत बर्फाचं मी ठरवतो आणि ठरलं की तुला फोन करतो’ या वाक्यात तो असतो. असं बोलायला थोडं धाडस लागतं, कारण नंतर पळवाट राहत नाही.

मी ज्या सोसायटीत राहिलो तिथे एकदा पाण्याची टाकी धुवायची होती. कमिटीत आम्ही तिघे. टाकी रिकामी करायची, माणूस बोलवायचा, सगळ्या घरांना कळवायचं. तिघेही उत्साही, तिघांनीही मान डोलावली. टाकी रिकामी झाली, घरोघरी सूचना गेली, आणि धुणारा माणूस आलाच नाही, कारण मी समजलो दुसऱ्याने सांगितलंय आणि तो समजला मी. दोन दिवस बेचाळीस घरं बादल्या घेऊन खाली उतरत होती. तळमजल्यावरच्या एका आजींनी मला विचारलं, ‘‘अरे, तुम्ही तिघे होतात ना?’’ त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोन घरचा पाहुणा उपाशी ही म्हण आपण पाहुण्याच्या बाजूने ऐकतो. ती दोन घरांच्या बाजूने ऐकली पाहिजे: दोन्ही घरं अन्नाने भरलेली होती, दोन्ही घरांना पाहुण्याविषयी आस्था होती, आणि तरी तो उपाशी राहिला.

आता वेसाव्याच्याच किनाऱ्यावर घडलेली एक मोठी हकिकत पाहू. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह हा तरुण वकील आणि त्याचे शेजारी, ८४ वर्षांचे हरबंश माथुर, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर साचलेला कचरा उचलायला खाली उतरले. कचरा म्हणजे चार पिशव्या आणि बाटल्या नव्हेत. प्लास्टिकचे थर साचून वाळू दिसेनाशी झाली होती. सुरुवातीचे काही आठवडे जवळपास कोणीच आलं नाही. मग एक दिवस दोन माणसांनी जवळ येऊन हातमोजे मागितले, आणि इथून ही मोहीम पुढे सरकली, अशी आठवण शाह सांगतात. कोळीवाड्यातली माणसं, शाळेची मुलं, झोपडपट्टीतले आणि उंच इमारतींतले रहिवासी, सिनेमातली मंडळी असे सगळे शनिवार-रविवारी वाळूवर येऊ लागले. माथुर पुढे वारले. काम थांबलं नाही. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. २०१७ च्या मे महिन्यापर्यंत, ८५ आठवड्यांत, सुमारे ५० लाख किलो कचरा निघाला होता. आणि मार्च २०१८ मध्ये, कित्येक वर्षांनी, ऑलिव्ह रिडले कासवांची किमान ८० पिल्लं या वाळूतून बाहेर येऊन समुद्रात गेली.

ही हकिकत बहुधा एका माणसाच्या जिद्दीची म्हणून सांगितली जाते. जिद्द होतीच. पण मला या कहाणीत जास्त महत्त्वाची वाटतात ती हातमोजे मागणारी दोन माणसं. त्यांनी कल्पना सुचवली नाही, सल्ला दिला नाही, यापेक्षा असं करा म्हटलं नाही. चाललेल्या कामात रिकामी जागा कुठे आहे ते पाहिलं आणि तिथे हात घातला. एकट्याच्या धडपडीचा गट होतो तो दुसऱ्या-तिसऱ्या माणसामुळे. गाव करी ते राव ना करी हे खरं, पण गाव सुरू होतं ते अशा दोघांपासून.

याच मोहिमेत सांधा निखळल्याचाही प्रसंग आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये, १०९ आठवडे झाल्यावर, शाह यांनी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. स्वयंसेवकांना होणारी शिवीगाळ हे एक कारण होतं. दुसरं कारण असं की गोळा करून ठेवलेला कचरा वेळेवर उचलला जात नव्हता. विचार करा: शेकडो माणसं वाकून, पाठ दुखवून कचरा वाळूतून उपसतात, त्याचा ढीग रचतात, आणि तो ढीग तिथेच राहतो. पुढच्या भरतीला समुद्र त्यातला बराचसा परत घेऊन जातो. उपसणारे हात कमी नव्हते. निखळला होता तो ढीग आणि गाडी यांच्यामधला सांधा. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातलं, आश्वासन मिळालं आणि काम पुन्हा सुरू झालं. शाह पुढे मिठी नदीच्या सफाईकडेही वळले. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला प्लास्टिकचा कचरा बराचसा नाल्यांतून आणि नद्यांतूनच तर येतो. वाळू साफ करणाऱ्याला वरच्या अंगाच्या वस्तीशी सांधा जोडावाच लागतो.

हाताचा सांधा दिसतो. बोलण्याचा सांधा दिसत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. २८ डिसेंबर १९७८ च्या संध्याकाळी अमेरिकेत पोर्टलँडवर युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान घिरट्या घालत होतं. चाकं नीट उतरली आहेत की नाहीत याची शंका होती आणि कॅप्टनचं सगळं लक्ष त्या एका प्रश्नावर खिळलं होतं. इंधन संपत चाललंय हे फ्लाइट इंजिनीअरला दिसत होतं. तो ते बोललाही. पण हलक्या, आदबीच्या आवाजात, वरिष्ठाचं चित्त विचलित होऊ नये अशा बेताने. इंधन संपलं, एकेक इंजिन बंद पडत गेलं आणि विमान विमानतळाच्या अलीकडे वस्तीत कोसळलं. १८९ जणांपैकी दहा दगावले. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा की माहिती कॉकपिटमध्ये होती, ती कॅप्टनच्या निर्णयापर्यंत पोचली नाही. त्यानंतर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा भाग आला: कॅप्टनने ऐकायला शिकायचं, आणि हाताखालच्याने ऐकू जाईल असं बोलायला.

आपल्याकडे हा सांधा फार नाजूक आहे. वडीलधाऱ्याला, साहेबांना, तांडेलाला उलट बोलू नये हे आपण लहानपणापासून शिकतो आणि त्या शिकवणीत चांगलंही पुष्कळ आहे. पण उलट बोलणं वेगळं आणि दिसलेलं सांगणं वेगळं. बोटीच्या नाळेवर उभ्या पोराला पुढे तरंगणारा दोर दिसला आणि तो पंख्यात अडकेल असं वाटलं, तर त्याने ओरडायचं असतं. तांडेलाला आधीच दिसला असेल म्हणून गप्प राहायचं नसतं. दहा वेळा ओरडून नऊ वेळा दोर लांब निघाला, तरी शहाणा तांडेल त्याला गप्प बसवत नाही. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांच्या चुका मोजल्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं, निघाल्या जास्त. नीट पाहिल्यावर कळलं की चांगल्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या. तिथल्या परिचारिकेला ‘माझ्याकडून औषधाचं प्रमाण चुकलं’ असं म्हणता येत होतं.

सांगण्याची हिंमत जितकी लागते तितकीच ऐकून घेण्याची माया लागते, आणि ती फक्त पुढाऱ्याकडे असून चालत नाही. नव्या मुलाने शंका काढली आणि बाकीचे पाच जण हसले, तर तांडेल कितीही भला असला तरी तो मुलगा पुढच्या वेळी गप्प राहील. सहाव्या माणसाला बोलतं ठेवणं हे चौथ्या माणसाचं काम आहे.

एडविन हचिन्स हे मानवशास्त्रज्ञ अमेरिकन नौदलाच्या जहाजावर खलाशांबरोबर राहिले आणि जहाज नेमकं कुठे आहे हे माणसं मिळून कसं ठरवतात यावर १९९५ साली त्यांनी एक मोठं पुस्तक लिहिलं. एक जण किनाऱ्यावरच्या खुणेचा कोन घेतो, दुसरा तो नोंदवतो, तिसरा नकाशावर रेघ मारतो. बंदराजवळ हे चक्र दर काही मिनिटांनी फिरतं. त्यांच्या लक्षात आलं ते असं, की नकाशावरचा माणूस पूर्वी कधीतरी कोन घेणारा होता. त्यामुळे आलेला आकडा चुकलाय हे त्याला चटकन जाणवतं, आणि कुठे चुकला असेल हेही. प्रत्येकाला फक्त आपलंच काम येत असतं तर हे घडलं नसतं. माणसांचं ज्ञान एकमेकांवर थोडं चढलेलं असतं, कौलांसारखं, म्हणून पाणी गळत नाही.

आपल्या बोटींवर शिकायची रीत हीच. पोरगा पहिल्या हंगामात रांधतो, डेक धुतो, मासळी निवडतो. मग दोर सांभाळतो, मग जाळं, मग सुकाणूपाशी उभा राहतो. तांडेल होईपर्यंत बोटीवरचं प्रत्येक काम त्याच्या हातून गेलेलं असतं. दोराच्या वेटोळ्यात कोणाचा पाय आहे हे न बघता त्याला कळतं, कारण तो पाय एके काळी त्याचा होता. शहरी कामांत ही रीत तुटलेली दिसते. हिशेब लिहिणाऱ्याने गोदाम पाहिलेलं नसतं, गोदामवाल्याला गिऱ्हाइकाचा आवाज ठाऊक नसतो. ज्याच्याकडून आपल्याकडे काम येतं आणि ज्याच्याकडे आपल्याकडून जातं, त्या दोघांच्या शेजारी वर्षातून एखादा दिवस बसून पाहणं ही कोणालाही जमण्यासारखी गोष्ट आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

पुढाकार कोणत्या क्षणी कोणाकडे जातो हे ओळखणं हीसुद्धा चांगल्या माणसाची खूण. १९६६ पासून बसणारा ‘अंधेरीचा राजा’ हा गणपती अनंत चतुर्दशीला नाही, तर पुढच्या संकष्टीला विसर्जनाला निघतो आणि लांबलचक मिरवणुकीने वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतो. रस्त्यावर सत्ता मंडळाच्या कार्यकर्त्यांची असते. वाळू संपून पाणी लागलं की ती कोळी बांधवांची होते. लाट कधी येईल, मूर्ती कधी उचलायची, बोट कोणत्या कुशीवर ठेवायची, हे आता समुद्र जाणणारा सांगतो. रात्रभर ज्यांनी गर्दीला वाट करून दिली ते पाण्याच्या काठाशी एक पाऊल मागे घेतात. हे मागे घेतलेलं पाऊल कोणी फोटोत टिपत नाही, पण ते नसेल तर माणसं दगावतील.

आणि बोट बंदराला लागली म्हणून काम संपत नाही. डोलीत येतात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. त्यात बोंबील फारच नाजूक: त्याच्या अंगात बहुतेक पाणीच, तो उन्हात तासाभरातही लुळा पडतो. समुद्रावर सहा जणांनी कितीही चोख काम केलेलं असो, किनाऱ्यावरचा हात एक घटका उशिरा लागला तर सगळं मातीमोल. तो हात बाईचा असतो. टोपली उतरवणं, मासळी निवडणं, बर्फ मारणं, बोली लावणं, बाजारात बसून विकणं, उरलेलं सुकवणं, आणि या सगळ्याचा हिशेब तोंडपाठ ठेवणं. बोटीच्या गटाची गणती करताना आपण तिला धरत नाही, हे मोठं चुकतं. पैसे तिच्या हातून घरात येतात, बोटीच्या पुढच्या खेपेचं डिझेलही पुष्कळदा त्यातून येतं. ज्याला आपल्या गटात कोणकोण आहे हेच ठाऊक नाही, तो त्या गटाचा चांगला माणूस कसा होणार? कचेरीतल्या गटात चहा आणणारा, साफसफाई करणारी, रात्री सर्व्हर सांभाळणारा हे सगळे असतात. त्यांची नावं माहीत असणं ही कामाचीच बाब आहे.

गटासाठी स्वतःला किती ओतायचं, हा प्रश्न आला की श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवते. राजाने हुकूम काढला: घरातलं सगळं दूध आणा, महादेवाचा गाभारा भरा. सगळ्या गावाने दूध ओतलं, वासरं आणि मुलं उपाशी राहिली, गाभारा भरला नाही. एका म्हातारीने आधी मुलांना पाजलं, वासरांना चारलं, सगळ्यांना तृप्त केलं, आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहिलं; गाभारा भरला. ही कहाणी मी लहानपणापासून पुण्याची म्हणून ऐकली. आता ती मला कामाचीही वाटते. घर, झोप, तब्येत ओतून कामाला आलेला माणूस गटाला फार दिवस पुरत नाही. बोटीवर जागलेल्या खलाशाला तांडेल मुद्दाम झोपवतो, आणि ज्याला झोपवलं त्याने लाजेखातर जागं राहायचं नसतं. दोर हातात असताना डुलकी लागली तर ती एकट्याची चूक राहत नाही.

पावसाळ्यात बोटी बंदरात बांधलेल्या असतात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, जाळी अंगणात पसरलेली असतात आणि माणसं त्यातली भोकं शोधत बसलेली असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो, बोटी पुन्हा बाहेर पडतात, आणि पावसाळा सरून ऊन पक्कं झालं की वेसाव्यात बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत पडतात. बायका दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. एक इकडे लटकतो, एक तिकडे. त्याला खिळा लागत नाही, गाठ लागत नाही.

एकदा ते बघायला जा. आणि त्याआधी, आज रात्रीच, तुमच्या कामाचं दुसरं टोक ज्याच्या हातात आहे त्याला एक फोन करून विचारा: माझ्याकडून तुझ्यापर्यंत येताना काय गळतंय?